विश्लेषण : पांढरी पट्टी, पिवळा इशारा… गाडीच्या ‘टू-इन-वन’ दिव्यांचं वायरिंग चुकतं कुठे?

चाकण-तळेगाव रस्त्यावर संध्याकाळी कंपन्यांची पाळी सुटते, तेव्हा कामगारांच्या बस, कंटेनर, दुचाक्या आणि मोटारी एकदमच रस्त्यावर येतात. या गर्दीत समोरून येणारी गाडी सरळ जाणार की आपल्यापुढे आडवी वळणार, हे ओळखायला दुचाकीस्वाराला जेमतेम एक-दोन सेकंद मिळतात. त्याच्यासाठी खूण एकच, पिवळा इंडिकेटर. पण काही गाड्यांच्या तोंडावर तो लागूनही दिसत नाही. दिसते ती फक्त झगझगीत पांढरी पट्टी.

ही पट्टी कंपनीतूनच आलेली असेल तर सहसा अडचण नसते. पिंपरीत तयार होणारी टाटा हॅरिअर २०१९ च्या जानेवारीत बाजारात आली, तेव्हा तिच्या बॉनेटलगतच्या बारीक पट्टीकडे सगळ्यांचं लक्ष गेलं. एरवी ती पांढरी, म्हणजे दिवसा लागणारा डीआरएल. वळायचं असेल तेव्हा तीच इंडिकेटर. चाकणमध्ये बनणाऱ्या महिंद्राच्या एक्सयूव्ही ७०० मध्येही डीआरएल आणि एका टोकाकडून दुसरीकडे सरकत जाणारा इंडिकेटर अशी जोडी आहे. हे दिसायला झकास दिसतं. मग जुन्या गाडीच्या मालकालाही तसंच काहीतरी हवं असतं आणि ॲक्सेसरीजच्या दुकानात दोन रंगांची एलईडी पट्टी मिळतेच.

पट्टी चिकटवणं सोपं आहे. अवघड आहे ते वायरिंग. एकाच दिव्याला दोन कामं दिली, तर एका कामाने दुसऱ्याला जागा कधी सोडायची, हे कोणीतरी ठरवावं लागतं. कंपनीच्या गाडीत ते काम कंट्रोल युनिट करतं. बाहेरून बसवलेल्या पट्टीत ते काम करतो एक छोटा रिले, आणि घोळ बहुतेक वेळा तिथेच होतो.

‘पार्किंग लाइट’ म्हणजे नक्की कोणता?

आधी शब्दांचा गुंता सोडवू. आपल्याकडे ‘पार्किंग लावून थांबलोय’ असं कोणी म्हटलं, की चारही इंडिकेटर एकत्र लुकलुकताना डोळ्यांसमोर येतात. ते हॅझर्ड लाइट. नियमातला पार्किंग लाइट वेगळा. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १०९ सांगतो की, दुचाकी वगळता बहुतेक सर्व वाहनांना पुढच्या दोन्ही बाजूंना एकेक पांढरा किंवा ॲम्बर दिवा आणि मागे दोन लाल दिवे हवेत; गाडी रस्त्यावर उभी असतानाही ते पेटते राहिले पाहिजेत. हे दिवे लुकलुकत नाहीत. ‘इथे गाडी आहे’ एवढंच ते सांगतात.

इंडिकेटरचं काम नियम १०२ मध्ये आहे. रंग ॲम्बर, म्हणजे नारिंगीकडे झुकणारा पिवळा. लुकलुकण्याचा वेग मिनिटाला ६० पेक्षा कमी नको आणि १२० पेक्षा जास्त नको. ‘मी वळतोय’ हा त्याचा निरोप.

म्हणजे एक दिवा स्थिर राहून बोलतो, दुसरा लुकलुकून. दोघांना एकाच जागी बसवायचं म्हटलं की भांडण आलंच.

जाता जाता एक हिशेब. रात्री रस्त्याकडेला गाडी उभी करावी लागली, तर पार्किंग लाइट हॅझर्डपेक्षा बॅटरीवर कमी भार टाकतात. मोटारीचे चार पार्किंग बल्ब प्रत्येकी ५ वॉटचे, नंबर प्लेटचा दिवा धरला तर साधारण २५ वॉट. म्हणजे १२ व्होल्टवर दोन अँपिअरच्या आसपास. हॅझर्डमध्ये २१ वॉटचे चार बल्ब एका वेळी ८४ वॉट, म्हणजे ७ अँपिअर घेतात. अर्धा वेळ बंद असतात असं धरलं तरी सरासरी साडेतीन. लांबच्या मुक्कामाला पार्किंग लाइट आणि बंद पडलेल्या गाडीला हॅझर्ड, ही विभागणी यातूनच येते. चाकणच्या रस्त्यांवर रात्री कडेला लागलेले ट्रेलर कुठलाच दिवा न लावता उभे असतात, तो वेगळाच प्रश्न आहे.

जुन्या बल्बमध्ये हे भांडण का नव्हतं?

एका दिव्यात दोन कामं ही कल्पना नवी नाही. दोन फिलामेंटचा काचेचा बल्ब गेली अनेक दशकं हेच करतो आहे. २१ वॉटचं एक फिलामेंट, ५ वॉटचं दुसरं आणि दोघांची अर्थ एकच. आपल्याकडे हा बल्ब मुख्यतः मागे, टेललाइट आणि ब्रेकलाइटसाठी दिसतो. अमेरिकी गाड्यांमध्ये तोच पुढे पार्किंग आणि इंडिकेटरसाठी वापरला गेला. ५ वॉटचं फिलामेंट मंद पेटत राहायचं आणि वळताना त्यावर २१ वॉटचं लुकलुकायचं.

यात रिले लागत नव्हता, कारण फरक डोळ्यांना सहज कळायचा. वॉटमध्ये तो चौपट वाटतो, पण प्रत्यक्ष उजेडात त्याहून खूप मोठा असतो. या बल्बच्या आंतरराष्ट्रीय मानकात मोठ्या फिलामेंटचा उजेड ४४० ल्युमेन आणि लहानाचा ३५ ल्युमेन धरला आहे. म्हणजे जवळपास साडेबारा पट. मंद दिवा मागे पेटता राहिला तरी इशारा लपत नाही.

एलईडीने हे गणित उलटं केलं. संयुक्त राष्ट्रांच्या युरोप आर्थिक आयोगाचे वाहनांच्या दिव्यांबाबतचे नियम पाहिले तर आकडे असे आहेत : पुढच्या पार्किंग किंवा पोझिशन लाइटची किमान तीव्रता ४ कँडेला. पुढच्या साध्या इंडिकेटरची १७५. आणि डीआरएलची ४००. पार्किंग लाइटपुढे इंडिकेटर राजा आहे, पण डीआरएलपुढे तो सहज फिका पडू शकतो. भर दिवसा ४०० कँडेलाच्या पांढऱ्या पट्टीला चिकटून १७५ कँडेलाचा पिवळा लुकलुकत असेल, तर वीस-तीस मीटरवरून डोळ्यांना पांढराच दिसणार.

नियम करणाऱ्यांना हे माहीत आहे. म्हणूनच इंडिकेटर हेडलाइटच्या जितका जवळ, तितका तो जास्त प्रखर हवा अशी तरतूद आहे. ४० मिलिमीटर किंवा त्याहून दूर असेल तर १७५ कँडेला चालतात, त्याहून जवळ आला तर २५०, आणि २० मिलिमीटरच्या आत असेल तर थेट ४००. बाजारातल्या पट्टीच्या खोक्यावर कँडेलाचा आकडा शोधायला जाऊ नये. तिथे वॉट लिहिलेले असतात, तेही बऱ्याचदा मनाचे.

रिले : वायरिंगमधला सांधेवाला

रेल्वेच्या यार्डात सांधेवाला रूळ बदलतो आणि गाडी एका मार्गावरून दुसऱ्या मार्गावर जाते. रिले करंटच्या बाबतीत तेच करतो. काळ्या प्लॅस्टिकच्या डबीत एक कॉइल असते. तिला १२ व्होल्ट मिळाले की ती चुंबक बनते, एक पत्ती ओढते आणि ‘टक्’ असा आवाज येतो. कॉइल स्वतः ०.१५ अँपिअरच्या आसपास करंट खाते, पण तिने हलवलेल्या पत्तीतून ३०-४० अँपिअर जाऊ शकतात.

पाच पायांच्या रिलेवर छापलेले आकडे जर्मन मानकातून आले आहेत आणि ते जगभर जवळपास सारखेच आहेत. म्हणून स्टुटगार्टचा मेकॅनिक आणि भोसरीचा ऑटो इलेक्ट्रिशियन, दोघेही ‘थर्टी’, ‘एटी-फाइव्ह’ हीच भाषा बोलतात. ८५ आणि ८६ ही कॉइलची दोन टोकं. ३० हा मधला, समाईक पाय. कॉइल झोपलेली असताना ३० हा ८७ए ला जोडलेला असतो; कॉइल जागी झाली की तो ८७ ला जाऊन चिकटतो. याच मानकात ५८ म्हणजे पार्किंग-टेललाइटची लाइन आणि ४९ए म्हणजे फ्लॅशरमधून बाहेर येणारी लुकलुकती लाइन.

आता ‘टू-इन-वन’ दिव्याचं सगळ्यात सोपं वायरिंग पाहा. दिवा ३० ला. पार्किंगची वायर ८७ए ला. इंडिकेटरची वायर ८७ ला आणि तीच कॉइललाही. कॉइलचं दुसरं टोक अर्थला. डावीकडे एक रिले, उजवीकडे एक. कागदावर चोख वाटतं. दिवसा, पार्किंग बंद असताना, ते चालतंही.

संध्याकाळी पार्किंग लाइट लावले की फजिती होते.

दिवा लुकलुकतच नाही, असं का?

फ्लॅशर करंट सतत देत नाही. थोडा वेळ देतो, थोडा वेळ तोडतो. करंट दिला की रिले ओढला जातो आणि दिवा इंडिकेटरच्या लाइनवर पेटतो. ठीक. पण करंट तोडला की रिलेही सुटतो, पत्ती ८७ए वर परत येते आणि तिथे पार्किंगचा करंट वाटच पाहत असतो. म्हणजे ज्या क्षणी दिवा विझायला हवा, त्याच क्षणी पार्किंगची लाइन त्याला पुन्हा पेटवते.

परिणाम : चालू, चालू, चालू. आत रिले टकटक करतोय, डॅशबोर्डवर बाण लुकलुकतोय, आणि बाहेरच्या माणसाला दिवा स्थिर दिसतोय. चालकाला वाटतं, आपण इशारा दिला. समोरच्याला काहीच कळलेलं नसतं. दिवा बंद पडला तर निदान डॅशबोर्डवरच्या बाणाचा वेग बदलून चालकाला कळतं. इथे तर आत सगळं ठाकठीक दिसतं. हा दोष त्यामुळेच जास्त धोक्याचा आहे.

दोन रंगांच्या पट्टीत याचं थोडं वेगळं रूप दिसतं. पिवळा, पांढरा, पिवळा, पांढरा अशी अदलाबदल होते. पट्टी कधीच विझत नाही. दुकानात हे आकर्षक वाटतं, पण उन्हात किंवा पावसात दूरवरून पाहणाऱ्याला त्यात इशाऱ्याचा ठसा उमटत नाही. इंडिकेटरची भाषा उजेड आणि अंधार या दोन अक्षरांची आहे. त्यातला अंधार काढून टाकला तर वाचायला काही उरत नाही.

युरोप आर्थिक आयोगाच्या नियम क्रमांक ४८ मध्ये यावर नेमकं बोट ठेवलेलं आहे. इंडिकेटर आणि डीआरएल एकाच दिव्यात सामावलेले असतील, तर इंडिकेटर चालू असण्याच्या संपूर्ण काळात त्या बाजूचा डीआरएल बंद राहिला पाहिजे. इंडिकेटर पेटलेला असतानाच नव्हे, तर दोन लुकलुकींच्या मधल्या विझलेल्या वेळेतही. पार्किंग लाइट इंडिकेटरमध्येच सामावलेला असेल तर त्यालाही याच पद्धतीने बंद ठेवण्याची मुभा आहे. भारतात दिव्यांच्या जोडणीसाठी असलेलं एआयएस-००८ हे मानक बऱ्याच अंशी याच नियमांच्या धाटणीचं आहे.

मग रिलेला थांबवून धरायचं कसं?

उत्तर थोडक्यात असं : फ्लॅशरने करंट तोडला तरी रिलेने लगेच सुटू नये. किती वेळ? मिनिटाला ६० ते १२० लुकलुकी म्हणजे एका लुकलुकीला एक सेकंद ते अर्धा सेकंद. त्यातला साधारण अर्धा वेळ दिवा विझलेला असतो. सगळ्यात संथ फ्लॅशर धरला तरी विझलेला काळ अर्ध्या सेकंदाच्या आसपास. रिलेने तेवढा वेळ, आणि थोडा जास्त, तग धरला की झालं.

याचा जुना इलाज म्हणजे कॉइलला समांतर कपॅसिटर. तो पेटलेल्या काळात भरतो आणि विझलेल्या काळात कॉइलला पुरवठा करत राहतो. कॉइलचा रेझिस्टन्स ९० ओहम आणि कपॅसिटर ४७०० मायक्रोफॅरड धरला, तर दोघांचा गुणाकार ०.४२ सेकंद येतो. कॉइलवरचा दाब १२ व्होल्टवरून ३ व्होल्टपर्यंत उतरायला त्याच्या सुमारे १.४ पट, म्हणजे ०.६ सेकंद लागतो. बरेच रिले तिथपर्यंत धरून ठेवतात. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला शिकलेलं आरसी सर्किट इथे शब्दशः कामी येतं.

पण दोन गोष्टी विसरल्या तर हेच सर्किट उलटतं. पहिली, कपॅसिटरच्या आधी डायोड हवा. नाहीतर साठलेला करंट कॉइलला जाण्याऐवजी उलटा इंडिकेटरच्या बाकीच्या बल्बमध्ये पळतो आणि क्षणात संपतो. दुसरी, हा रिले फक्त पार्किंग किंवा डीआरएलची लाइन तोडण्यासाठी ठेवायचा. पिवळ्या एलईडीला इंडिकेटरची वायर थेट जोडायची, रिलेमधून फिरवायची नाही. रिले बिघडला तरी इशारा चालू राहतो. दिवा एकाच रंगाचा, एकाच फिलामेंटचा असेल तर हे जमत नाही. तिथे रिलेच्या ८७ वर इंडिकेटरची वायर आणि कॉइलला धरून ठेवणारं सर्किट, दोन्ही लागतात.

डायोडच्या निवडीतही चूक होते. १एन४००७ हा सगळीकडे मिळणारा डायोड एक अँपिअरचा. कॉइलसाठी तो पुरेसा आहे. पण २१ वॉटचा एक बल्ब १२ व्होल्टला पावणेदोन अँपिअर घेतो, आणि थंड फिलामेंट पेटताना त्या क्षणी त्याच्या कितीतरी पट. दिव्याचा भार या डायोडमधून नेला तर तो जळतो. आणि ज्यांना डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंसाठी एकच रिले वापरून पैसे वाचवायचे असतात, त्यांनी मध्ये डायोड टाकले नाहीत तर डावा इंडिकेटर दिला की चारही लुकलुकतात. वाचलेले पैसे त्या रात्रीच वसूल होतात.

इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर बॉनेटखाली ठेवणं हाही दूरदृष्टीचा निर्णय नाही. उष्णतेत त्याचं आयुष्य झपाट्याने घटतं. दर १० अंशांना निम्मं, असा ढोबळ ठोकताळा आहे. त्यापेक्षा तयार ‘डिले-ऑफ’ रिले किंवा डीआरएलचा चांगला कंट्रोलर घ्यावा. तो घेतानाही एकच प्रश्न विचारायचा : इंडिकेटर चालू असताना पांढरा पूर्ण वेळ बंद राहतो का?

नव्या गाडीत तर रिलेच नाही!

गेल्या काही वर्षांतल्या बऱ्याच गाड्यांमध्ये फ्लॅशरची डबी उरलेलीच नाही. बॉडी कंट्रोल मॉड्यूल नावाचं युनिट इलेक्ट्रॉनिक स्विचने बल्ब पेटवतं. आपल्याला ऐकू येणारी टिकटिकही अनेकदा स्पीकरमधून मुद्दाम काढलेली असते, कारण आवाज नसेल तर लोक इंडिकेटर बंद करायला विसरतात.

हे युनिट प्रत्येक लाइनवर किती करंट जातो, ते मोजत असतं. २१ वॉटच्या जागी ३-४ वॉटची एलईडी लावली की त्याला वाटतं बल्ब उडाला, आणि ते दुप्पट वेगाने लुकलुकायला लागतं. हा वेग १२० च्या वर गेला तर तो नियम १०२ मध्ये बसत नाही. त्यावर इलाज म्हणून सोनेरी रंगाचा लोड रेझिस्टर लावला जातो. ६ ओहमचा रेझिस्टर १४ व्होल्टला ३२ वॉटहून जास्त उष्णता सोडतो, सोल्डरिंगच्या एखाद्या छोट्या इस्त्रीइतकी. हॅझर्ड लावून दहा मिनिटं उभं राहिलं आणि तो रेझिस्टर बंपरच्या प्लॅस्टिकवर डबल टेपने चिकटवलेला असेल, तर पुढचं सांगायला नको. तो धातूच्या बॉडीवर स्क्रूने कसावा लागतो, वायरपासून लांब.

दुसरी अडचण अधिक फसवी. काही गाड्यांत हे युनिट पार्किंग लाइटला सलग करंट देत नाही. सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करून उजेड कमी-जास्त करतं. बल्बला फरक पडत नाही, पण अशा लाइनवर रिलेची कॉइल जोडली तर ती गुणगुणते, थरथरते आणि संपर्काचे पॉइंट जळतात. अशा गाडीत युनिटच्या वायरवरून फक्त इशारा घ्यायचा आणि दिव्याचा करंट बॅटरीवरून, स्वतंत्र फ्यूज टाकून आणायचा, हा मार्ग. वायर सोलून त्यावर दुसरी गुंडाळायची आणि वर टेप मारायची, ही पद्धत चाकणच्या पहिल्या पावसापर्यंतच टिकते.

पावसावरून आठवण. इंडिकेटर दिल्यावर पार्किंग लाइटही मंद लुकलुकत असतील, तर रिलेवर संशय घेण्याआधी अर्थ तपासावी. होल्डर गंजून अर्थ तुटली की मोठ्या फिलामेंटमधून आलेला करंट परतीची वाट शोधत लहान फिलामेंटमधून मागे जातो आणि पार्किंगच्या लाइनवरचे इतर बल्ब पेटवतो. दोन फिलामेंटच्या बल्बमधला हा सर्वांत जुना रोग. सँडपेपर आणि एक वायर, एवढाच खर्च.

जर्मन गाड्यांमधली वेगळीच जोडी

पार्किंग आणि इंडिकेटर यांचं एक अधिकृत नातं आहे, ते अनेकांना माहीत नसतं. फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझ, दोघांचेही कारखाने चाकणमध्ये आहेत. जर्मन परंपरेच्या बऱ्याच गाड्यांत इग्निशन बंद करून इंडिकेटरची दांडी डावीकडे ठेवली, तर फक्त डाव्या बाजूचे पार्किंग लाइट पेटतात. उजवीकडे ठेवली तर उजवे. अरुंद गल्लीत रात्री गाडी लावताना रस्त्याकडची बाजू तेवढी दिसावी आणि बॅटरी अर्धीच खर्च व्हावी, हा हेतू. जर्मन मानकात यासाठी ५७एल आणि ५७आर असे स्वतंत्र क्रमांकही आहेत. तुमच्या गाडीत ही सोय आहे का, ते मालकाच्या पुस्तिकेत पाहता येईल. गाडी बंद केल्यावर एकाच बाजूचे दिवे चालू राहिले म्हणून वायरिंग उघडायला सांगण्याआधी तर नक्कीच पाहावं.

कायद्याचं काय?

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत फेरफार करण्यावर मर्यादा घालतं. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ए (४) नुसार, नियमांत न बसणारा बदल किंवा बाहेरचा भाग बसवल्यास मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात. जबाबदारी मालकाची आहे. पट्टी विकणारा आणि बसवणारा यांच्यावर ती या कलमाने येत नाही.

मूळ बल्ब गेला आणि त्याच प्रकारचा दुसरा टाकला, तर तो फेरफार नाही. इंडिकेटरचा रंग, वेग किंवा जागा बदलणं मात्र थेट नियम १०२ च्या अंगावर जातं. मागच्या लाल टेललाइटलाच लुकलुकायला लावणारे अमेरिकी पद्धतीचे कन्व्हर्टर मिळतात. अमेरिकेत मागचा इंडिकेटर लाल चालतो. भारतात तो ॲम्बरच हवा. आणि पुढच्या बाजूला लाल उजेड दाखवणं नियम १०८ नुसार चालत नाही, त्यामुळे बहुरंगी पट्टीतला लाल पर्याय तर सरळ बाद.

गंमत अशी की, हे सगळं तपासणाऱ्या दोन राष्ट्रीय संस्था याच परिसरात आहेत. भोसरीची सीआयआरटी, म्हणजे केंद्रीय रस्ते परिवहन संस्था, आणि पुण्याची एआरएआय, जिचं केंद्र चाकणलाही आहे. कंपनीचा दिवा गाडीवर चढण्याआधी कँडेला, रंग, कंपन, धूळ आणि पाणी अशा चाचण्यांतून जातो. त्या प्रयोगशाळांपासून काही किलोमीटरवर तीच गाडी कात्री आणि टेपच्या हवाली होते.

आपल्या गाडीचं वायरिंग कसं तपासायचं?

फोनचा कॅमेरा पुरतो. अंधार पडल्यावर गाडीपासून दहा-बारा पावलं पुढे फोन ठेवून व्हिडिओ सुरू करा. आधी फक्त डावा इंडिकेटर. मग पार्किंग लावून डावा इंडिकेटर. मग हेडलाइट लावून. मग उजवा, त्याच क्रमाने. शेवटी हॅझर्ड. हेच मागच्या बाजूनेही, कोणालातरी ब्रेक दाबायला सांगून.

व्हिडिओत १५ सेकंदांत किती वेळा पिवळा लागला ते मोजा. १५ ते ३० च्या मध्ये आकडा हवा. पिवळा विझतो त्या क्षणी त्या जागी पांढरा उगवतो का, ते पाहा. दुसऱ्या बाजूचा दिवा मंद लुकलुकतो का, तेही. मग हीच चाचणी दुपारच्या उन्हात, तीस पावलांवरून पुन्हा करा. रात्री उत्तम वाटणारी पट्टी तिथे नापास होते. मात्र कॅमेऱ्यात एलईडी थरथरताना दिसली तर घाबरायचं कारण नाही, तो फ्रेमच्या वेगाचा परिणाम असतो. शंका आली तर डोळ्यांनी पाहावं.

चाचणीत काही खटकलं, तर बाहेरून बसवलेल्या पट्टीचा कपलर काढा आणि गाडीचा मूळ इंडिकेटर एकटा नीट चालतो का, ते आधी बघा. तो नीट चालत असेल तर दोष पट्टीच्या जोडणीत आहे, आणि ती दुरुस्त होईपर्यंत कपलर काढलेलाच राहू द्या.